कच्च्या लिंबांचा खेळ

लहानपणी गल्लीत आबाधुबी किंवा लगोरी रंगात आली की कुणाचं तरी धाकटं भावंड हमखास मध्ये घुसायचं. त्याला नाही म्हटलं तर ते भोकाड पसरणार आणि घरून आपल्यालाच ओरडा बसणार. मग मोठी मुलं तोड काढायची, ‘याला कच्चा लिंबू ठेवा रे!’ कच्चा लिंबू म्हणजे खेळात असून नसलेला भिडू. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही आणि त्याने काही करून दाखवलं तरी ते कुणी धरत नाही. तो आपला नुसता धावत असतो आणि आपणही खेळतो आहोत या आनंदात असतो.

शब्दांच्या नादी लागणं हा कविता करणाऱ्याचा धंदाच. काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ वाचण्यात आला आणि मला एकदम हा कच्चा लिंबू आठवला. तो शब्द म्हणजे ‘स्नूकर’. आज आपण एका खेळाचं नाव म्हणून तो ओळखतो. हिरव्या बनातीचं मोठं टेबल, त्यावर रंगीत चेंडू आणि हातात लांब काठी घेऊन वाकलेला माणूस. पण खेळाच्या आधी तो शब्द टिंगलीचा होता. इंग्लंडमधल्या वुलिच इथल्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या पोरांना वरच्या वर्गातली मुलं ‘स्नूकर’ म्हणून हिणवायची. म्हणजे कच्चा लिंबूच!

या खेळाला आता दीडशे वर्षं झाली. त्याचा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. ज्यांना त्या खोलीत कुणी मोजत नव्हतं, तेच पुढे एकेक करून टेबलापाशी येऊन उभे राहिले. आज त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे.

ही गोष्ट इंग्लंडात सुरू होत नाही. ती सुरू होते आपल्या शेजारी, नर्मदेच्या मुलखात, जबलपूरला. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. मग इंग्रजांचा अंमल आला आणि तिथे छावणी उभी राहिली. १८७० मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग जबलपुरातच कलकत्त्याच्या मार्गाला येऊन मिळाला. १८७५ च्या पावसाळ्यात डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी या छावणीत मुक्कामाला होते. पाऊस लागला की बाहेरचं सगळं बंद. दुपार कशी काढायची हा प्रश्न. उरायची ती मेसमधली बिलियर्डची खोली.

आता बिलियर्ड हा तीन चेंडूंचा आणि मुख्यतः दोघांचा खेळ. खोलीत माणसं दहा, त्यातले दोन खेळणार आणि बाकीचे जांभया देणार. म्हणून पैज लावून अनेकांना एकत्र खेळता येतील असे काही प्रकार तेव्हा चालत. एकात पंधरा लाल चेंडू मांडायचे आणि जो जितके पाडेल तितक्यांचे पैसे घ्यायचे. दुसऱ्यात प्रत्येकाला एकेक रंगाचा चेंडू मिळायचा आणि दुसऱ्याचा चेंडू पॉकेटात घालून त्याचा ‘जीव’ घ्यायचा. त्यातच काळ्या चेंडूची भर घालून आणखी एक प्रकार निघाला होता. नेव्हिल चेंबरलेन नावाचा एकोणीस वर्षांचा अधिकारी या मेसमध्ये होता. त्याने हे सगळं एकत्र केलं. लाल चेंडूंच्या जोडीला पिवळा, हिरवा, गुलाबी आणि काळा आला. निळा आणि तपकिरी पुढे काही वर्षांनी आले.

एकदा वुलिचला शिकलेला एक तरुण अधिकारी मेसमध्ये पाहुणा आला. बोलता बोलता त्याने ‘स्नूकर’ या शब्दाचा अर्थ सांगितला. तेवढ्यात खेळणाऱ्यांपैकी एकाचा अगदी पॉकेटच्या तोंडाशी असलेला चेंडू चुकला. चेंबरलेन म्हणाला, हा तर पक्का स्नूकर! त्या गृहस्थाला राग येऊ नये म्हणून त्याने लगेच सावरून घेतलं की, या खेळात आपण सगळेच नवखे, तेव्हा खेळालाच हे नाव देऊ या. म्हणजे एका माणसाची टिंगल सगळ्यांनी वाटून घेतली आणि खेळाचं बारसं झालं. मला हा प्रसंग फार आवडतो.

हा चेंबरलेन म्हणजे पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला नेव्हिल चेंबरलेन नव्हे. नावात गल्लत होते म्हणून सांगितलं. आपला चेंबरलेन पुढे अफगाण युद्धात जखमी झाला आणि नंतर मद्रासच्या सरसेनापतींच्या दिमतीला उटकमंडला येऊन राहिला. तिथल्या क्लबात १८८२ च्या सुमारास खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले. १८८५ मध्ये त्या काळचा बिलियर्डचा मोठा खेळाडू जॉन रॉबर्ट्स हिंदुस्थानात आला होता. कलकत्त्याला कूचबिहारच्या महाराजांकडच्या मेजवानीत त्याची चेंबरलेनशी गाठ पडली, त्याने खेळ समजून घेतला आणि तो इंग्लंडला नेला, असं सांगतात. ‘सांगतात’ असं मी मुद्दाम म्हणतो. कारण ही सारी हकिकत आपल्याला कळली ती चेंबरलेनने १९३८ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, एका इंग्रजी नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रातून. मधे साठ वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्या काळच्या इतर काही अधिकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला आणि पुढच्या वर्षी कॉम्प्टन मॅकेन्झी या लेखकाने लेख लिहून ती पक्की केली.

त्या पत्रामुळे साहेबांची नावं आपल्याला कळतात. पण त्या खोलीत आणखी एक माणूस नक्की उभा असायचा. त्याचं नाव कुठेच नाही. तो म्हणजे मार्कर.

बिलियर्डच्या खोलीतला मार्कर हा क्लबाचा नोकर. चेंडू मांडायचे, पडलेला चेंडू काढून जागेवर ठेवायचा, गुण मोठ्याने पुकारायचे, भिंतीवरच्या फळीवर काटा सरकवायचा, बनात ब्रशने साफ करून तिच्यावरून इस्त्री फिरवायची. बनातीला लव असते. ब्रश त्या लवेच्या दिशेनेच फिरवावा लागतो, नाहीतर चेंडू भलतीकडे जातो. हे सगळं मला ठाऊक आहे, कारण माझे मामू असेच मार्कर होते. एका छावणीच्या गावातल्या क्लबात त्यांनी उभी हयात काढली. त्यांना इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे मात्र शुद्ध इंग्रजीत पुकारायचे. रमजानात संध्याकाळी खेळ रंगलेला असला की मगरिबची अजान झाली तरी तो थांबायचा नाही. मामूंच्या खिशात खजूर असायचा. क्यू ठेवायच्या कपाटाकडे तोंड करून ते तो तोंडात टाकायचे आणि वळून पुढचा आकडा पुकारायचे. सभासदांपैकी कोण कुठे चुकतो हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण सभासदांसमोर त्यांनी कधी हातात क्यू धरला नाही. तशी रीतच नव्हती.

एकतर हा खेळच महागडा. पूर्ण मापाचं टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. बनातीखाली पाटीच्या दगडाच्या जाड फरश्या, म्हणून वजन टनाच्या वर. शिवाय त्या काळी चेंडू हस्तिदंताचे. एका सुळ्यातून जेमतेम तीन ते पाच चांगले चेंडू निघत. स्नूकरला चेंडू लागतात बावीस. म्हणजे एका टेबलावरच्या खेळासाठी किती हत्तींचा जीव गेला असेल याचा हिशेब तुम्हीच करा. १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका बिलियर्ड कारखानदाराने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या खटपटीतून जॉन हयात या माणसाने सेल्युलॉइड तयार केलं. पुढे याच सेल्युलॉइडवर सिनेमा उभा राहिला, ही गोष्ट वेगळी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की, विसाव्या शतकात कृत्रिम पदार्थांचे चेंडू आले, ते स्वस्त झाले आणि खेळ मेसच्या बाहेर पडला. वेल्समधल्या खाणकामगारांच्या संस्थांमध्ये वाचनालयाशेजारी बिलियर्डची खोली आली. इंग्लंडात दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या मंडळींनी कामगारांना गुत्त्यापासून दूर ठेवायला बिलियर्डची सभागृहं काढली. साहेबांचा खेळ कोळशाने काळ्या झालेल्या हातांत आला.

स्नूकरचा पहिला महान खेळाडू याच जगातून आला. जो डेव्हिसचा जन्म १९०१ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. बाप आधी खाणीत कामाला होता, मग त्याने पब चालवायला घेतला. जोची उजव्या डोळ्याची नजर अधू, म्हणून तो क्यू डाव्या डोळ्याखाली धरून खेळायचा. तेव्हा खरा खेळ म्हणजे बिलियर्ड. स्नूकर हा वेळ घालवायचा पोरखेळ समजला जाई. जोने बिलियर्डच्या संघटनेच्या मागे लागून स्नूकरची जागतिक स्पर्धा भरवायला लावली. १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला पहिला अंतिम सामना झाला. तो जोनेच जिंकला आणि त्याला बक्षीस मिळालं साडेसहा पौंड. १९४६ पर्यंत तो पंधरा वेळा जगज्जेता झाला आणि या स्पर्धेत एकदाही न हरता निवृत्त झाला.

१४७ हा आकडा तुम्ही ऐकला असेल. स्नूकरमध्ये लाल चेंडूचा एक गुण. लाल पाडला की एक रंगीत पाडायचा आणि तो रंगीत चेंडू पुन्हा टेबलावर येतो. पिवळ्याचे दोन, हिरव्याचे तीन, तपकिरीचे चार, निळ्याचे पाच, गुलाबीचे सहा आणि काळ्याचे सात. पंधरा लाल, प्रत्येकासोबत काळा, आणि शेवटी सहाही रंग ओळीने. सगळं एका दमात, एकही न चुकता जमलं तर होतात १४७. जो डेव्हिसने ते १९५५ मध्ये लंडनला करून दाखवलं. अधिकृत मान्यता मिळालेली ती पहिली १४७ ची खेळी.

पण एकच माणूस सारखा जिंकत राहिला की बाकीच्यांची हौस आटते. जो स्पर्धेतून बाहेर पडल्यावर तिच्यातली जानच गेली. १९५७ मध्ये तर जागतिक स्पर्धेला अवघे चार खेळाडू आले. त्यानंतर १९६४ पर्यंत ती झालीच नाही. खेळ मेला असंच लोक धरून चालले होते.

त्याला वाचवलं रंगीत टेलिव्हिजनने. १९६७ मध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी रंगीत झाली. तिची सूत्रं तेव्हा डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्याकडे होती. हो, प्राण्यांवरचे चित्रपट करणारे तेच अ‍ॅटनबरो. रंग दाखवायला रंगीत काहीतरी हवं, आणि ते स्वस्तातही व्हायला हवं. स्नूकरइतकं सोयीचं काय असणार? एक टेबल, दोन माणसं आणि आठ रंगांचे चेंडू. १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ हा एकेका डावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरातल्या बायाबापड्यांनाही काळ्याचे सात गुण तोंडपाठ झाले.

या काळातला राजा म्हणजे रे रिअर्डन. वेल्समधल्या ट्रेडेगार गावचा. चौदाव्या वर्षी खाणीत उतरला. खेळाचा हात खराब होऊ नये म्हणून पांढरे हातमोजे घालून कोळसा काढायचा. एकदा खाणीत दरड कोसळली आणि तो तीन तास ढिगाऱ्याखाली गाडला गेला. हलायचीही सोय नव्हती. त्या अंधारात तो मनातल्या मनात भावाबरोबर गोट्या खेळत राहिला आणि त्यामुळे वेड लागलं नाही, असं तो सांगायचा. पुढे पोलिसात नोकरी केली, १९६७ मध्ये व्यावसायिक झाला आणि १९७० ते १९७८ या काळात सहा वेळा जगज्जेता. शेवटचं विजेतेपद पंचेचाळिसाव्या वर्षी. २०२४ मध्ये, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन तो गेला.

रिअर्डनच्या अगदी उलट अ‍ॅलेक्स हिगिन्स. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या गरीब वस्तीतला पोरगा. वादळासारखा यायचा, घाईघाईने खेळायचा, भांडायचा, प्यायचा. १९७२ मध्ये पहिल्याच प्रयत्नात तो जगज्जेता झाला, वय अवघं बावीस. खाणकामगारांच्या संपामुळे तेव्हा इंग्लंडात वीजकपात चालू होती. बर्मिंगहॅमच्या एका क्लबात हा अंतिम सामना झाला आणि प्रेक्षकांना बसायला बिअरच्या खोक्यांवर टाकलेल्या फळ्या होत्या. बक्षीस ४८० पौंड. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये त्याने रिअर्डनलाच हरवून पुन्हा विजेतेपद घेतलं आणि लहानग्या लेकीला जवळ आणा म्हणून भर सभागृहात ढसाढसा रडला. २०१० मध्ये बेलफास्टच्या एका छोट्या घरात तो एकटाच मेला. घशाच्या कर्करोगाने त्याचा पार सांगाडा केला होता. लोकांनी त्याच्यावर जेवढं प्रेम केलं तेवढं फार थोड्या जगज्जेत्यांवर केलं असेल. जिंकणाऱ्याला लोक मानतात. पण स्वतःला सांभाळता न येणाऱ्यावर त्यांचा जीव जडतो.

१९७७ मध्ये जागतिक स्पर्धा शेफील्डच्या ‘क्रूसिबल’ या नाट्यगृहात आली. शेफील्ड हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. स्पर्धेचा आयोजक जागा शोधत होता, त्याची बायको तिथे नाटक पाहून आली आणि म्हणाली, ही जागा बघा. जेमतेम हजारेक प्रेक्षक मावतात, पण टेबल इतकं जवळ की खेळाडूचा श्वास ऐकू यावा. दुसऱ्याच वर्षी तिथे जो डेव्हिसचा धाकटा भाऊ फ्रेड, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, उपांत्य फेरीत खेळत होता. तोही जुना जगज्जेता. प्रेक्षकांत बसलेल्या जोला धाकट्याची चुरस सोसवली नाही. तो तिथेच आजारी पडला आणि त्याच जुलैत गेला. स्वतः पंधरा वेळा जिंकताना ज्याचं काळीज हललं नाही, ते भावाच्या खेळाने हललं.

मग आला १९८५ चा अंतिम सामना. एका बाजूला तेव्हाचा अजिंक्य स्टीव्ह डेव्हिस, दुसऱ्या बाजूला मोठ्या उलट्या चष्म्याचा, हसतमुख डेनिस टेलर. डेव्हिसने पहिले आठही डाव जिंकले. टेलर तिथून उठला आणि सतरा-सतरा अशी बरोबरी झाली. शेवटचा डाव अडुसष्ट मिनिटं चालला आणि साऱ्याचा निकाल एका काळ्या चेंडूवर आला. दोघेही चुकले, पुन्हा चुकले, आणि अखेर टेलरने तो पाडला. मध्यरात्र उलटून गेली होती. ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक हा सामना बघत जागे होते. दोन दिवस चाललेल्या त्या सामन्यात टेलर एकदाही पुढे नव्हता. पुढे गेला तो शेवटच्या चेंडूवर.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. साहेबांच्या मेसमधून खेळ कामगारांच्या क्लबात आला खरा, पण कामगारांनीही आपल्या दाराला कडी घातली, ती बायकांसाठी. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या वेकफील्ड गावात शीला कॅपस्टिक या बाईंना तिथल्या कामगार क्लबाने स्नूकर खेळायला मनाई केली. त्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मोहीम उघडली. अशा क्लबांच्या संघाने बायकांना बरोबरीचा हक्क दिला तो २००७ मध्ये, म्हणजे एकोणतीस वर्षांनी. तोवर रिअ‍ॅन इव्हान्स ही मुलगी महिलांची जगज्जेती झालेली होती आणि पुढे ती बारा वेळा झाली. स्वतः कच्चा लिंबू म्हणून राहिलेला माणूस मोठा झाला की दुसऱ्याला कच्चा लिंबू ठेवतो, हे आपल्याकडे काही नवीन नाही.

आता आपल्याकडे वळू. इंग्रज गेले, टेबलं राहिली. १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू. १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी ते पुन्हा मिळवलं. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? मुंबईचे मायकेल फरेरा तीन वेळा हौशी बिलियर्डचे जगज्जेते. सुनील गावसकरांना पद्मभूषण आणि जगज्जेत्याला पद्मश्री, हे त्यांना पटलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. कुणी त्याला अहंकार म्हणालं. मला वाटतं, ते एवढंच म्हणत होते की, आम्हालाही धरा.

स्नूकरची पहिली हौशी जागतिक स्पर्धाही कलकत्त्यालाच झाली, १९६३ मध्ये. ती जिंकली बर्मिंगहॅमच्या अग्निशमन दलातल्या गॅरी ओवेनने. भारताला हे विजेतेपद मिळायला १९८४ उजाडलं. ओम अगरवाल यांनी ते डब्लिनला मिळवलं. दहा वर्षांनी, ऐन उमेदीत ते गेले. १९८९ मध्ये मुंबईचा यासीन मर्चंट आशियाई विजेता झाला. तेव्हा आमच्याकडे स्नूकरच्या खोलीत दिसलेला मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा असाच हिशेब होता. यासीनचा फोटो वर्तमानपत्रात आला तेव्हा मोहल्ल्यातल्या काही बापांची भाषा थोडी मवाळ झाली. २००३ मध्ये पंकज अडवाणी अठराव्या वर्षी चीनमध्ये जाऊन हौशी जगज्जेता झाला. त्याचा जन्म पुण्याचा, पण वाढला आणि शिकला तो बंगळुरूला. बिलियर्ड आणि स्नूकर मिळून त्याच्या जागतिक विजेतेपदांनी केव्हाच पंचविशी ओलांडली आहे. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ मध्ये दिल्लीला व्यावसायिक मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय.

क्रूसिबलमध्ये मात्र राज्य आधी स्कॉटलंडच्या स्टीफन हेंड्रीचं आणि मग रॉनी ओसुलिव्हनचं. हेंड्रीला बारा-तेरा वर्षांचा असताना नाताळची भेट म्हणून छोटं टेबल मिळालं होतं. १९९० मध्ये, एकविसाव्या वर्षी तो सर्वांत तरुण जगज्जेता झाला आणि १९९९ पर्यंत त्याने सात विजेतेपदं घेतली. रॉनीचीही सातच. त्याने १९९७ मध्ये १४७ ची खेळी सव्वापाच मिनिटांच्या आत पुरी केली होती. सोळाव्या वर्षापासून बाप खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात, मन सतत उदास. हे त्याने कधी लपवलं नाही. २००४ मध्ये त्याच्या पाठीशी मार्गदर्शक म्हणून म्हातारा रे रिअर्डन उभा होता. २०२२ मध्ये रॉनी शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जिंकला आणि सर्वांत वयस्क जगज्जेत्याचा रिअर्डनचा विक्रम मोडला.

आणि २०२५ मध्ये एक वर्तुळ पुरं झालं. चीनचा झाओ शिनटोंग क्रूसिबलमध्ये जगज्जेता झाला. आशियात जन्मलेल्या या खेळाचा पहिला आशियाई व्यावसायिक जगज्जेता, तब्बल दीडशे वर्षांनी. ही गोष्ट निखळ गोड नाही. २०२३ मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंना शिक्षा झाली, त्यात झाओ होता. वीस महिन्यांची बंदी भोगून तो परतला तो हौशी म्हणून, पात्रता फेरीपासून, म्हणजे पुन्हा कच्चा लिंबू होऊन. उपांत्य फेरीत त्याने रॉनीला १७-७ असं धुतलं आणि अंतिम सामना जिंकला. बक्षीस पाच लाख पौंड. जो डेव्हिसला मिळाले होते साडेसहा. चषक तोच.

ती बातमी वाचली तेव्हा मला मामूंची आठवण झाली. मी दहा वर्षांचा असेन. आठवड्यातला क्लब बंद असण्याचा दिवस. मामू बनातीला इस्त्री करायला गेले आणि मला सोबत घेऊन गेले. काम आटोपल्यावर त्यांनी दार लोटलं, चेंडू मांडले आणि कोपऱ्यातला एक जुना क्यू उचलला. त्याआधी मी त्यांना कधी खेळताना पाहिलं नव्हतं, पुढेही पाहिलं नाही. लाल पडला, काळा पडला, लाल, काळा, लाल, काळा. प्रत्येक चेंडू पडला की मामू सवयीने आकडा पुकारत होते, ‘वन... एट... नाइन... सिक्स्टीन...’ त्या रिकाम्या खोलीत ते स्वतःलाच मोजत होते. मी भिंतीवरच्या फळीवर काटा सरकवत होतो. चोविसावर त्यांचा लाल चुकला. हसले, क्यू जागेवर ठेवला, चेंडू उचलून पेटीत भरले.

निघताना ते परत वळले, फळीपाशी गेले आणि काटा सरकवून त्यांनी शून्यावर आणून ठेवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)